पपईच्या पानाचे श्रेय

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात रुग्णालयाच्या दाराशी एकच प्रश्न ऐकू येतो : "पेशी किती?" पेशी म्हणजे डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तातल्या प्लेटलेट्स. माणूस शुद्धीवर आहे का, लघवी होते आहे का, पोट दुखते आहे का, हे प्रश्न नंतरचे. सकाळी साठ हजार, संध्याकाळी बेचाळीस, दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. आकडे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात आणि त्यांच्यामागून सल्ले फिरतात. किवी द्या, ड्रॅगन फ्रूट द्या, कुठूनही शेळीचे दूध मिळवा, आणि सगळ्यात आधी पपईच्या पानांचा रस पाजा. रस जहाल कडू असतो, घशाखाली उतरत नाही, म्हणून आता त्याची गोळी निघाली आहे. कुठे नुसता पपईच्या पानाचा अर्क, कुठे सोबत गुळवेल. औषधाच्या दुकानात ती मागितली की मिळते आणि पुष्कळदा एमबीबीएस, एमडी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही दिसते.

या गोळीमागचा विचार तीन पायऱ्यांचा आहे. डेंग्यूत माणूस प्लेटलेट्स कमी झाल्यामुळे दगावतो. पपईचे पान प्लेटलेट्स वाढवते. म्हणून पपईच्या पानाची गोळी डेंग्यूत जीव वाचवते. ऐकायला चोख वाटणाऱ्या या अनुमानाची पहिली पायरी माझ्या मते चुकीची आहे आणि दुसरी अर्धीच खरी आहे. तिसरी या दोघींच्या खांद्यावर बसलेली असल्याने तिच्याबद्दल वेगळे बोलायची गरज नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडल्याची शेखी मिरवायची, ही लबाडी झाली. म्हणून तो आहे तेवढा बळकट मांडतो. २००८ मध्ये श्रीलंकेतल्या एका डॉक्टरांनी मोजक्या डेंग्यू-रुग्णांना पपईच्या पानांचा रस देऊन पाहिला आणि पेशी वाढल्याचे नोंदवले. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली : पाच दिवस, दिवसातून दोनदा पंचवीस मिलिलिटर अर्क, आणि प्लेटलेट्स पंचावन्न हजारांवरून एक लाख अडुसष्ट हजारांवर. एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. पण २०१३ मध्ये मलेशियातून २२८ रुग्णांची चाचणी आली. एका गटाला रोज पन्नास ग्रॅम ताज्या पानांचा रस तीन दिवस दिला, दुसऱ्याला दिला नाही. चाळीस तासांनंतर रसाच्या गटातल्या पेशी लक्षणीय वाढलेल्या दिसल्या. शिवाय रक्तातल्या दोन जनुकांची हालचाल मोजली, तर एएलओएक्स-१२ हे जनुक सुमारे पंधरा पट आणि पीटीएएफआर हे तेरा पटींहून अधिक कामाला लागलेले आढळले. पहिल्याचा संबंध प्लेटलेट्सच्या निर्मितीशी जोडला जातो. म्हणजे नुसता परिणाम दिसला असे नाही, त्याची वाटही दिसू लागली.

पुढे २०१६ मध्ये आपल्या असोसिएशन ऑफ फिजिशियन्सच्या जर्नलात तीनशे रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. अनेक केंद्रांवरची, रिकाम्या गोळीशी तुलना करणारी, आणि खरी गोळी कोणाला मिळाली हे रुग्णाला व डॉक्टरला दोघांनाही माहीत नसलेली. अकराशे मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाच दिवस. निष्कर्ष गोळीच्या बाजूचा. २०२० मध्ये कोचीच्या अमृता संस्थेतून एक छोटी पण काटेकोर चाचणी आली. तिच्यात तीस हजारांच्या खाली गेलेले ५१ प्रौढ रुग्ण होते आणि तिचाही कौल पानाच्या बाजूने गेला. एवढा पुरावा आपल्याकडच्या किती काढ्यांपाशी आहे? फार थोड्या. त्यामुळे 'हा सगळा भोळेपणा आहे' म्हणून हात झटकणाऱ्या आधुनिक वैद्यांचेही मला पटत नाही. पुरावा आहे. तो कशाचा आहे, हा प्रश्न आहे.

कारण कशाला म्हणावे याची चर्चा न्यायशास्त्रात कुंभार आणि घड्याच्या उदाहरणावर चालते. घडा होण्याआधी कुंभार हजर असतो, चाक असते, दांडा असतो, माती असते आणि ती माती वाहून आणणारे गाढवही असते. पण गाढव आधी हजर होते एवढ्याने ते घड्याचे कारण ठरत नाही, कारण त्याच्यावाचूनही घडा झालाच असता. अशा पूर्ववर्ती गोष्टीला नैयायिक अन्यथासिद्ध म्हणतात आणि कारणांच्या यादीतून बाहेर काढतात. आता डेंग्यूचा क्रम पाहा. ताप दोन ते सात दिवस टिकतो. प्लेटलेट्स तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घसरू लागतात, साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान तळ गाठतात आणि तिथून आपसूक चढू लागतात. विषाणूने सुरुवातीला अस्थिमज्जेचे काम मंदावलेले असते, पण ताप उतरेपर्यंत मज्जा पुन्हा जोमाने कामाला लागलेली असते. मग एक-दोन दिवसांत आकडा दुप्पट-तिप्पट होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

घरचे लोक रस कधी सुरू करतात? पहिल्या दिवशी नाही, तेव्हा तो नुसता ताप असतो. आकडा घसरून धास्ती बसली की, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी. त्यानंतर एखादा दिवस आकडा आणखी खाली जातो आणि मग वर येतो. पान दिले होते, आकडा चढला, श्रेय पानाला. शेजारच्या घरात किवी दिली होती, तिथे श्रेय किवीला. तिसऱ्या घरात यांतले काही दिले नाही, तिथेही पेशी चढल्याच; पण जे दिलेच नाही त्याचे कोण काय सांगणार? त्यात भर म्हणजे मोजणीचाच घोळ. यंत्राने मोजलेल्या प्लेटलेट्स खालच्या पातळीवर फारशा भरवशाच्या नसतात. नळीतल्या रसायनामुळे त्या एकमेकींना चिकटून आकडा खोटाच कमी दिसू शकतो. अठ्ठावीस हजार आणि चौतीस हजार यांत पुष्कळदा रोगाचा नव्हे, मोजणीचा फरक असतो. तरी त्या सहा हजारांवर कुटुंबाची अख्खी रात्र तरते किंवा बुडते.

यावर कोणी म्हणेल, चाचण्यांत दोन गट होते ना? घरोघरचे अनुभव फसवे असतील, पण तुलना तर फसवी नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कोचीच्या चाचणीकडे नीट पाहावे. ज्या गटाला रिकामी गोळी दिली होती त्याच्या प्लेटलेट्स तिसऱ्या दिवसापर्यंत सरासरीने तिपटीहून अधिक वाढल्या. न दिलेल्या औषधाने तिपटीची वाढ! पानाच्या गटात वाढ याहून जास्त होती, हे मान्य. पन्नास हजारांचा टप्पा त्या गटाने दोन दिवसांत गाठला, रिकाम्या गोळीच्या गटाने तीन दिवसांत. म्हणजे पानाच्या पदरात फार तर एक दिवस पडतो. बाहेरून प्लेटलेट्स चढवाव्या लागल्या त्या एका गटातल्या सव्वीसपैकी एकाला आणि दुसऱ्यातल्या पंचवीसपैकी दोघांना. या फरकातून काहीही सिद्ध होत नाही. मलेशियाच्या चाचणीत रिकाम्या रसाचा गटच नव्हता. कोणाला काय मिळते आहे हे सर्वांना ठाऊक होते. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र चाळल्या आणि रुग्णाच्या प्रकृतीवर होणाऱ्या खऱ्या परिणामाबद्दलचा पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. दुसरी पायरी अर्धीच खरी, ती या अर्थाने. पान बहुधा एखादा दिवस वाचवत असेल. त्या दिवसाची किंमत काय, हे पहिल्या पायरीवर अवलंबून आहे.

पहिल्या पायरीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत कमी बोलला जातो. डेंग्यूत माणूस बहुतेक वेळा प्लेटलेट्स कमी झाल्याने दगावत नाही. तो दगावतो रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाझरून बाहेर गेल्याने. हे पाणी पोटात साठते, छातीत साठते, आणि नळ्यांत उरलेले रक्त दाट होते. रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात, मूत्रपिंड-यकृत उपाशी राहतात. ही गळती साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते आणि नेमकी ताप उतरताना सुरू होते, घरच्यांना 'आता सुटलो' वाटत असते तेव्हा. दाटपणा मोजायचा आकडा रिपोर्टमध्ये प्लेटलेट्सच्या शेजारीच छापलेला असतो : हिमॅटोक्रिट, म्हणजे पीसीव्ही. तो मूळच्यापेक्षा वीस टक्क्यांनी वाढला तर गळती चालू आहे असे समजावे. हा आकडा कोणी गटावर टाकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये धोक्याच्या खुणा सांगितल्या. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, मलूलपणा किंवा अस्वस्थपणा, यकृत वाढणे, अंगात पाणी साठणे, आणि हिमॅटोक्रिट चढत असताना प्लेटलेट्स वेगाने घसरणे. शेवटच्या खुणेत प्लेटलेट्स आहेत, आणि पूर्वपक्षाला हीच ओळ आवडते. पण ती पूर्ण वाचली पाहिजे. तिथे प्लेटलेट्स दुसऱ्या आकड्याच्या जोडीने आल्या आहेत आणि खूण म्हणून आल्या आहेत. गळतीची चाहूल देणारी गोष्ट वर उचलली म्हणून गळती थांबत नाही.

हे नुसते तर्काने सांगायची गरज उरलेली नाही, कारण ते करून पाहिले गेले आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ डेंग्यू-रुग्णांचे दोन गट केले. एकाला प्लेटलेट्स चढवल्या, दुसऱ्याला नुसती देखभाल दिली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. पहिल्या गटात २१ टक्क्यांना रक्तस्राव झाला, दुसऱ्यात २६ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. उलट चढवलेल्यांत दुष्परिणाम तेरा आणि न चढवलेल्यांत दोन. ध्यानात घ्या, इथे पानाच्या अर्काने आडवाटेने आकडा वाढवायची खटपट नव्हती, प्रत्यक्ष प्लेटलेट्सच शिरेतून आत सोडल्या होत्या. एवढे करूनही ज्या आकडेवाढीने फारसे साधले नाही, तीच वाढ पान एक दिवस आधी घडवून देईल म्हणून आपण आनंद मानतो. (रक्त वाहत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्लेटलेट्स लागतात आणि लागतात तेव्हा तातडीने लागतात.)

आकडा सुधारला म्हणजे रोगी सुधारला, या समजुतीने वैद्यकाला याआधीही जबर धडा दिला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या हृदयात अधूनमधून जादा ठोके पडतात. ते पुढच्या अकस्मात मृत्यूची खूण असल्याने ते बंद पाडणारी एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे १९८०च्या दशकात अमेरिकेत भरपूर वापरली गेली. ठोके खरोखरच कमी होत होते, आलेखावर दिसत होते. मग 'कास्ट' नावाच्या चाचणीत १४९८ रुग्णांवर त्यांची रिकाम्या गोळीशी तुलना झाली. औषध घेणाऱ्यांत ६३ मृत्यू आणि न घेणाऱ्यांत २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये थांबवावा लागला. पपईचे पान असे मारक आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला काही आधार नाही. म्हणणे एवढेच की खूण सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे रक्ताने लिहिलेले उदाहरण समोर आहे, आणि पानाच्या बाजूच्या बहुतेक चाचण्यांनी मुख्य माप म्हणून खूणच घेतली आहे.

पूर्वपक्षाचा दुसरा खांब परंपरेचा. 'हजारो वर्षांपासून आपल्याकडे हे पान वापरले जाते.' हे ऐकले की मला हसू येते, कारण पपई आपल्याकडची नाहीच. तिचे माहेर मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि मध्य अमेरिका. युरोपीय जहाजांबरोबर ती सोळाव्या शतकात पूर्वेकडे आली. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेल्या यान हाउखेन फान लिन्सखोतेन या डच माणसाने आपल्या प्रवासवर्णनात, हे फळ स्पॅनिशांच्या मुलखातून मलाक्कामार्गे हिंदुस्थानात आल्याचे नोंदवले आहे. चरक आणि सुश्रुत यांनी पपई पाहिलीच नव्हती; तिच्या पानाचे गुण ते कुठून सांगणार? आणि प्लेटलेट्स नावाची वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली स्वतंत्र म्हणून ओळखली गेली ती १८८२च्या आसपास, इटलीत, ज्युलिओ बित्सोझेरोच्या हातून. तेव्हा 'प्लेटलेट्स वाढवणारे प्राचीन पान' हे दोन्ही बाजूंनी अर्वाचीन आहे.

पण पपई परकी म्हणून ती आयुर्वेदात चालणार नाही, असेही कोणी म्हणू नये. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने फिरंग रोग नावाच्या नव्या, परदेशातून आलेल्या रोगाची दखल घेतली आणि त्यावर चोपचिनी हे तितकेच नवे, बाहेरचे द्रव्य आपल्या ग्रंथात समाविष्ट केले. परंपरा जिवंत होती तेव्हा ती असे करत होती : नवे द्रव्य पाहायचे, वापरून बघायचे, मग ग्रंथात घ्यायचे. आप्तवचन, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही चार प्रमाणे चरकाने मानली. आजच्या पपईभक्तांनी पहिल्यावर खोटा दावा सांगितला आणि उरलेल्या तिघांना रजा दिली. नाव, रूप, गुण ठाऊक नसलेले औषध घातक ठरते, असे बजावणारा चरक या गोळीच्या कारखान्यात गेला असता तर त्याने पहिला प्रश्न पानाविषयीच विचारला असता.

कारण 'पपईचे पान' हे औषधाचे वर्णन म्हणून पुरेसे नाही. कोवळे की जून? नर झाडाचे, मादी झाडाचे की उभयलिंगी? कोणत्या वाणाचे, कोणत्या महिन्यात खुडलेले? पानातला कार्पेन हा अल्कलॉइड प्लेटलेट्सच्या वाढीमागे असावा, असे अहमदाबादच्या पर्ड सेंटरमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवर दाखवले. चांगले काम आहे ते. पण तिथे प्लेटलेट्स कमी केल्या होत्या बुसल्फान या मज्जा दडपणाऱ्या औषधाने. डेंग्यूत मज्जा दडपली जाते हे खरे, पण त्याबरोबर प्रतिपिंडे चुकून प्लेटलेट्सवरच हल्ला करतात, आणि काही प्लेटलेट्स सुजलेल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर खर्ची पडतात. एका वाटेवरचा अडथळा दूर करणारे द्रव्य दुसऱ्या दोन वाटांवर काय करील, ते त्या प्रयोगावरून कळत नाही. तरीही कार्पेन हे निदान मोजता येण्याजोगे नाव आहे. मग पाकिटावर एका गोळीत कार्पेन किती हे छापले पाहिजे, प्रत्येक घाण्याला तपासले पाहिजे. अर्क पाण्यात काढला की मद्यार्कात, किती पानांचा किती अर्क झाला, हे कळल्यावाचून 'पर्ण-अर्क ११०० मिलिग्रॅम' या आकड्याला काही अर्थ नाही. मलेशियातल्या पन्नास ग्रॅम ताज्या पानांत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी होते. त्या रसाची बरोबरी कोणत्या गोळीशी करायची, हे गोळी करणाऱ्याने सांगायला हवे.

आणि पाने येतात कुठून? महाराष्ट्रात पपई म्हटली की नंदुरबार, शहादा, धुळे, जळगाव. तिथल्या बागांचे मोठे दुखणे म्हणजे पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू, आणि तो पसरवतो मावा. मावा आवरायला फवारण्या होतात, आणि फवारणी बसते ती पानावरच. फळ खाणारा निदान साल काढून खातो. पानाची भुकटी करणारा फवाऱ्यासकट पान वाळवतो आणि अर्क काढताना ते अवशेषही दाट होण्याची शक्यता असते. कीटकनाशकांचे अवशेष, शिसे-पारा-आर्सेनिक, बुरशी आणि जिवाणू यांची तपासणी प्रत्येक घाण्याला व्हावी, एवढी साधी अपेक्षा या पानाकडून ठेवायला हरकत नसावी. यातल्या बहुतेक गोळ्या आयुर्वेदिक पेटंट औषध म्हणून राज्याच्या परवान्यावर विकल्या जातात. नव्या आधुनिक औषधाला ज्या टप्प्याटप्प्याच्या चाचण्यांतून जावे लागते त्या इथे तशा लागू होत नाहीत. तरी विकताना मात्र भाषा प्रयोगशाळेतल्या रिपोर्टची असते : पेशी, आकडा, दिवस.

उरतो सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद : 'डेंग्यूवर नेमके औषध नाहीच, मग पान दिले तर बिघडले कुठे?' बिघडते. कडू रसाने मळमळ आणि उलटी होते. डेंग्यूच्या रुग्णाला सर्वांत जास्त गरज आहे ती पोटात पाणी टिकण्याची, आणि थांबत नसलेली उलटी ही तर धोक्याची खूण आहे. रसामुळे उलटी झाली की रोगामुळे, हे रात्री दोन वाजता कोण ठरवणार? मिश्र गोळ्यांत गुळवेल असते. २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांत यकृताला इजा झाल्याचे पाहिले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य करत, वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही असे म्हटले. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. वाद संपलेला नाही, पण डेंग्यूत यकृत आधीच सुजलेले असते. अशा यकृतावर वादातले द्रव्य घालायची घाई कशाला?

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. गोळी चालू आहे या समाधानात रुग्ण घरी राहतो. पाचव्या दिवशी ताप उतरतो, पेशी चाळीसवरून पंचेचाळीस होतात, घरात सुटकेचा श्वास टाकला जातो, आणि त्याच दुपारी पोटात दुखू लागते. हा आकडा चढतो आहे म्हणून दुसरा आकडा कोणी पाहिलेला नसतो. उलट दिशेचा अनर्थही याच आकडेभक्तीतून होतो. पेशी वीस हजार झाल्या म्हणून नातेवाईक आग्रह धरतात, डॉक्टर दबावाला बळी पडतात, आणि रक्तपेढीतून रात्रीत रक्तदाते शोधून प्लेटलेट्स चढवल्या जातात. खरे तर रक्तस्राव नसताना दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्यांचा विचार करू नये, असे आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. गोळी आणि पिशवी, दोन्ही एकाच भीतीतून येतात.

जीव वाचवणारी गोष्ट मात्र केव्हाच सापडलेली आहे. बँकॉकच्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मानित्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तासातासाला नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट पाहून सलाइन किती, कोणत्या वेगाने द्यायचे आणि गळती थांबली की ते केव्हा कमी करायचे, याची रीत बसवली. उपचाराविना वीस टक्क्यांहून वर जाऊ शकणारा तीव्र डेंग्यूचा मृत्युदर वेळेवर आणि नीट देखभालीने एका टक्क्याच्या खाली येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात कोणतेही नवे रसायन नाही. मीठ, पाणी आणि जागा राहणारा माणूस. तो जाहिरातीत दाखवता येत नाही, म्हणून त्याची गोळी निघत नाही.

मग पानांवर संशोधन करूच नये का? जरूर करावे, पण प्रश्न बदलून. भारत सरकारने २०१५ मध्ये औषध-नियमांत फायटोफार्मास्युटिकल असा नवा वर्ग आणला. त्यात वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश औषध म्हणून पुढे आणता येतो. निदान चार घटक मोजून दाखवावे लागतात आणि सुरक्षिततेचा व परिणामाचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या माळरानांवर वाढणाऱ्या वासनवेलीचा असा अर्क दिल्लीची आयसीजीईबी ही संशोधनसंस्था आणि एका भारतीय औषध कंपनीने डेंग्यूसाठी चाचण्यांत उतरवला. त्या कामातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे सुरुवातच 'विषाणूची वाढ रोखली जाते का?' या प्रश्नापासून झाली. पपईच्या पानाला हा रस्ता बंद नाही. डेंग्यूतच त्याची परीक्षा घ्यायची असेल तर मोजावे हिमॅटोक्रिट, छातीतले पाणी, रक्तदाब कोसळून 'शॉक'मध्ये गेलेल्यांची संख्या. प्लेटलेट्स मोजाव्यात, पण यादीत खाली. गोळी तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू करावी, तळ गाठल्यावर नव्हे.

आणि माझे मत विचाराल तर या पानाने डेंग्यू सोडून द्यावा. डेंग्यूत प्लेटलेट्स आपणहून परत येतात, त्यामुळे तिथे कोणालाही फुकट श्रेय मिळते आणि खऱ्या गुणी द्रव्यालाही ते सिद्ध करता येत नाही. जिथे आकडा आपोआप चढत नाही आणि जिथे तो खरोखर महत्त्वाचा असतो तिथे जावे. दीर्घकाळ चालणाऱ्या आयटीपी या विकारात प्रतिपिंडे वर्षानुवर्षे प्लेटलेट्स संपवत राहतात. तिथे आज एल्ट्रोम्बोपॅग आणि रोमिप्लोस्टिम वापरतात. २००८ मध्ये बाजारात आलेली ही दोन्ही औषधे १९९४ मध्ये हाती लागलेल्या थ्रोम्बोपोएटिनच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतात. ती महाग आहेत, सगळ्यांना परवडत नाहीत. स्वस्त पान त्यांच्या जोडीला आले तर कोणाला नको आहे? कार्बोप्लॅटिन किंवा जेमसिटाबिन घेणाऱ्या कर्करुग्णांत प्लेटलेट्स घसरल्या की पुढचा डोस लांबतो. पर्डच्या संशोधकांनी मज्जा दडपलेल्या प्राण्यांत जे पाहिले ते या माणसांशी डेंग्यूपेक्षा कितीतरी जवळचे आहे. असे रुग्ण बारा महिने असतात, पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. एकाच रुग्णाच्या दोन लागोपाठच्या चक्रांत एकदा खरी गोळी आणि एकदा रिकामी गोळी देऊन तुलना करता येते, आणि डोस किती दिवस लांबला हे माप डॉक्टरला, रुग्णाला, बिल भरणाऱ्याला, सगळ्यांना कळते. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे, खारघरला त्याचेच संशोधन केंद्र आहे. कार्पेनचे प्रमाण छापलेली, घाण्यागणिक तपासलेली गोळी घेऊन कोणी त्यांच्या दारी गेले, तर पहिल्या वर्षातच पुष्कळ उलगडा होईल.